‘मला पूर्ण भूल द्या’

घोडबंदर रोडवरचं नर्सिंग होम, सकाळी साडेसातला ठरलेलं, एका बाईचं दुसरं सीझर. आम्हा फिरत्या भूलतज्ज्ञांची पेशंटशी ओळख होते ती बहुतेकदा ऑपरेशन थिएटरच्या, ओटीच्या दारात, दहा मिनिटं. ही पद्धत वाईट आहे आणि आम्हीच ती चालवून घेतो.

"मला पूर्ण भूल द्या," ती म्हणाली.

"मागच्या सुईनं कंबर धरलीय हिची," सासूबाई.

हे मी रोज ऐकते. सुई म्हणजे स्पायनल: पाठीत औषध टोचून छातीखालचा भाग बधिर करायचा, पेशंट जागी. मी नेहमीचं सांगू लागले: कंबर बहुतेकदा दुखते ती गरोदरपणामुळे, बाळाला वाकून पाजण्यामुळे. पूर्ण भूल देताना घशात नळी घालावी लागते, गरोदरपणात घसा सुजलेला असतो. पोटातलं फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. ती मान हलवत होती, पण पटलेलं दिसेना. मी सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं.

"मागच्या वेळी कापलेलं मला कळत होतं. डावीकडे. ओरडले तर म्हणाले, ओढल्यासारखं वाटतंय, दुखत नाहीये."

जुन्या फाइलीत लिहिलं होतं, ‘स्पायनल, काही अडचण नाही.’

मी म्हटलं, पूर्ण भुलीची तयारी आहे, तुम्ही म्हणाल तर तीच देईन. स्पायनल घेतलीत, तर तुम्ही हो म्हणेपर्यंत सुरी लागणार नाही. मध्येच दुखलं तर लगेच झोपवेन.

बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "थांबाल ना पण?"

२७ नंबरची सुई, २ मिली हेवी बुपिवाकेन, हे बधिर करणारं औषध. भूल कुठवर चढली ते पाहायला स्पिरिटचा गार बोळा फिरवला. उजवीकडे छातीपर्यंत गार लागेनासं झालेलं, डावीकडे मात्र बेंबीच्या वर अजून गार लागत होतं. सर्जन हात धुऊन उभे. "मॅडम, चढेल हो. घेऊ का?"

"नाही."

टेबल डावीकडे आणखी कलतं केलं. हे औषध पाठीतल्या पाण्यापेक्षा जड, उताराकडे सरकतं. शिवाय मोठ्या शिरेवरचा गर्भाशयाचा भारही हलका होतो. बीपी उतरलं, ते चढवायला फिनाइलएफ्रिन दिलं. आठ मिनिटं ओटीत कुणी बोललं नाही. पुन्हा बोळा. "आता गार नाही लागत," ती म्हणाली. चिमटा घेऊन पाहिला, तोही कळला नाही. "करा सुरू."

बाळ रडलं, तिलाही रडू आलं. मग पडद्याआडून माझ्याकडे बघत म्हणाली, "एवढंच थांबायचं होतं?"

‘ओढल्यासारखं वाटेल’ हे मी अठरा वर्षं म्हणत आलेय. त्यातल्या कितीजणींना खरंच दुखत होतं? आणि हिनं तर पूर्ण भूल मागितली होती. स्पायनल तिनं निवडली, की मी तिच्या गळी उतरवली?

केसपेपरवर लिहिलं: ‘मागील सीझरमध्ये डाव्या बाजूला भूल अपुरी, वेदना झाल्या. यावेळी डावी बाजू ८ मिनिटं उशिरा.’ डिस्चार्ज कार्डवरही तेच लिहायला लावलं.