एउनाते: परतवारीतल्या यात्रेकरूंचे देऊळ

स्पेनमधल्या पाम्प्लोनाहून, संत जेम्सची समाधी असलेल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाकडे पायी निघालेले बहुतेक यात्रेकरू पेर्दोनची खिंड ओलांडून, उतेर्गा, मुरुथाबल, ओबानोस ही गावे मागे टाकत संध्याकाळपर्यंत पुएन्ते ला रेइनाला मुक्कामी पोहोचतात. मी मात्र मुरुथाबलला मुख्य वाट सोडून डावीकडच्या शेतांमधल्या रस्त्याला लागलो, कारण तिथून सुमारे अडीच किलोमीटरवर सांता मारिया दे एउनाते हे बाराव्या शतकातले छोटे प्रार्थनामंदिर आहे. त्याच्याभोवती गाव नाही, वस्ती नाही. चहूकडे गव्हाची शेते पसरलेली आहेत.

इमारत अष्टकोनी आहे, पण तिच्या बाजू एकसारख्या नाहीत. तिच्याभोवती छत नसलेली कमानींची रांग आहे. एकूण 33 कमानी आणि काही स्तंभांच्या माथ्यावर कोरलेले दाढीवाले चेहरे पाहताना देवळाभोवतीच्या ओवऱ्यांची आठवण झाली आणि पावले आपोआप प्रदक्षिणेला वळली. आत घुमटाला आठ दगडी फासळ्या आहेत, आणि काही खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाचे पातळ तुकडे असल्याने मधासारखा उजेड झिरपतो. डोळे सरावायला वेळ लागतो, तो अवश्य द्यावा.

अष्टकोनी आकारामुळे हे मंदिर नाइट्स टेंप्लर या लढवय्या धर्मसंघाने बांधल्याचे सांगितले जाते. त्याला कागदोपत्री आधार नाही, आणि मला त्या गूढकथेची गरजही वाटत नाही, कारण मंदिर आणि कमानी यांच्यामधल्या जागेत सापडलेल्या कबरी अधिक बोलक्या आहेत. त्यांत मृतांसोबत शिंपले मिळाले. आज यात्रेकरू पहिल्याच दिवशी पाठपिशवीला शिंपला बांधतो, परंतु मध्ययुगात तो सांतियागोला पोहोचल्यावर, यात्रा पुरी झाल्याची खूण म्हणून मिळत असे. म्हणजे इथे विसावलेल्यांपैकी काही जण तरी संत जेम्सच्या समाधीचे दर्शन घेऊन घराकडे निघालेले असावेत. परतीचे शेकडो मैलही त्यांना पायीच कापायचे होते.

हे ध्यानात आल्यावर मला आपली परतवारी आठवली. आषाढीला पालख्यांसोबत लाखोंचा समुदाय पंढरपूरला जातो, पण गोपाळकाला झाला की बहुतेक जण एसटीने किंवा रेल्वेने घरी परततात. पादुका मात्र पायीच आळंदीला आणि देहूला येतात, आणि सोबतीला मोजकेच वारकरी असतात. जाण्याइतकेच परतणेही वारीचा भाग आहे, हे मी आजवर ऐकून होतो. एउनातेच्या त्या कबरींपाशी ते मला पटले.

तिथून ओबानोस जवळच आहे. पिरेनीज पर्वतातल्या सोंपोर्त खिंडीतून येणारी यात्रेची दुसरी वाट, म्हणजे अरागोनची वाट, एउनातेवरूनच पुढे जाते आणि ओबानोसला मुख्य वाटेला मिळते. ते अंतर चालतानाच, पुढच्या आषाढीनंतर माउलींच्या पादुकांसोबत पंढरपूरहून आळंदीपर्यंत चालत यायचे, असे मी ठरवले.