थवा उडाला त्याविषयी

आज पंचमी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट धरली तर भरती पहाटे पावणेचारला, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी पावणेदहाच्या सुमारास. त्या हिशेबाने मी नऊच्या आधीच अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर पोहोचले होते. सुरूच्या बनातून खाली उतरले तेव्हा ओल्या वाळूवर सँडरलिंग आणि चिखले हे छोटे किनारपक्षी चरत होते आणि पलीकडे पाण्याच्या कडेला कुरवांची दाटी होती. मी वाळूवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने सँडरलिंग इतके जवळ आले की ओसरत्या लाटेमागे धावताना उमटणारी त्यांची पावले स्पष्ट दिसू लागली. ती तीनच बोटांची होती, कारण या पक्ष्याला मागचे बोट नसते. मग मी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि अख्खा थवा उडाला.

पक्षी उडतात, त्याचे काही नाही. मनाला लागले ते त्यानंतरचे. थवा थोड्या अंतरावर पुन्हा उतरला आणि काकू घमेले घेऊन, शिंपल्या वेचत, त्याच्या मधूनच गेल्या. पक्षी दोन पावले बाजूला सरले, एवढेच. वाळूत चोची खुपसणे थांबलेसुद्धा नाही.

घरी आल्यापासून मी याच गोष्टीभोवती फिरते आहे. ऑगस्ट सरता सरता हे पक्षी येऊ लागतात तेव्हापासून मी त्यांची वाट पाहते. सँडरलिंग थेट आर्क्टिकच्या टुंड्रातून येतात, कुरवांतले कितीतरी लडाख-तिबेटच्या सरोवरांवरून, हे मला ठाऊक आहे आणि त्याचे अप्रूप वाटणे कधी थांबलेले नाही. किनाऱ्यावर गाड्या पळवणाऱ्यांशी आणि कुत्री मोकळी सोडणाऱ्यांशी मी याच पक्ष्यांसाठी वाद घातला आहे. एवढे करून त्यांना भीती वाटावी ती माझीच? यंदाच्या हिवाळ्यात आधीच पुष्कळ काही हातातून सुटले आहे, निदान हा किनारा तरी आपला असेल असे मी धरून चालले होते. दादाच्या निरोपाविषयी मात्र आज लिहिणार नाही.

काकूंना विचारले तेव्हा त्या मान वर न करता म्हणाल्या, "त्यांचं त्यांच्यापाशी, माझं माझ्यापाशी."

दुपारी जेवताना सकाळचे आणखी एक दृश्य आठवले. मी बसले असताना डोक्यावरून ब्राह्मणी घार दोनदा गेली आणि एकही पक्षी हलला नव्हता. बहिरी ससाणा लांबवर नुसता दिसला तरी हाच किनारा क्षणात रिकामा होतो. म्हणजे कोण आपल्या वाटेने चालले आहे आणि कोण आपल्यावर नजर रोखून आहे, एवढे त्यांना नेमके कळते. काकू वाकलेल्या, सतत हलत्या आणि नजर वाळूत लावलेल्या; मी निश्चल बसलेली आणि मग एकाएकी दोन मोठे काळे डोळे त्यांच्याकडे रोखणारी. जेमतेम पन्नास-साठ ग्रॅमच्या जिवाने यातून दुसरे काय समजावे? ओहोटीच्या मोजक्या तासांत त्याला पोट भरायचे असते आणि एप्रिल-मेमध्ये उत्तरेकडे निघण्याआधी अंगावर चरबी साठवायची असते. प्रत्येक उड्डाण त्या साठ्यातून जाते, तरीही कोणी नजर रोखली की खात्री होईपर्यंत थांबणे त्याला परवडणारे नाही.

हे लिहिताना मन बरेच निवळले आहे. त्यांच्या भीतीत माझ्याविषयी कसलेच मत नाही. माझे प्रेम त्यांना कळावे ही अपेक्षा माझी होती, त्यांनी ती कधी मान्य केलेली नव्हती, आणि मला त्यांच्याकडे पाहण्याचा जो आनंद मिळतो तो त्यांच्या ओळखीवर अवलंबूनही नाही. थोडे वाईट वाटतेच. ते वाटू द्यावे.

सप्तमीला ओहोटी सव्वाअकराला आहे. त्या दिवशी साखरच्या खाडीच्या मुखाकडे, बरेच मागे, सुरूंच्या सावलीत बसायचे ठरवले आहे. मागच्या आठवड्यात तिथे तांबड्या चोचीचे ऑयस्टरकॅचर उतरले होते, आणि ते दुर्बिणीतून इतक्या लांबूनही नीट दिसतात. काकूंना चालत असेल तर त्याआधी तासभर त्यांच्याबरोबर शिंपल्या वेचायला जाईन. घमेले आमच्याकडे आहे.