भरावाखालची मोरी

रस्ता जिथे ओढा ओलांडतो तिथे नवी मोरी बांधायची होती. ती किती मोठी हवी, हे ठरवायला पाणलोटाचे आकडे मी काढून द्यायचे होते. काम नेहमीचंच. सकाळी क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर उघडलं, एसआरटीएमचं, म्हणजे अवकाशातून रडारने मोजलेलं, ३० मीटरच्या चौकटींचं डीईएम (जमिनीच्या उंचीचा नकाशा) घेतलं आणि आधी ते अंशांतून मीटरमध्ये आणलं. ही पायरी राहिली की उताराचे आकडे असे काही येतात की साधं माळरानही कड्यासारखं दिसतं. मग त्यातले पाणी अडवणारे खड्डे सॉफ्टवेअरकडून भरून घेतले, प्रवाहाच्या दिशा काढल्या आणि मोरीच्या जागेवर आऊटलेटचा, म्हणजे पाणलोटातलं सगळं पाणी जिथून बाहेर पडतं तो बिंदू ठेवला.

पाणलोट आला ११ चौकटींचा, म्हणजे जेमतेम एक हेक्टर. बिंदू ओढ्याच्या रेषेवर न पडता शेजारच्या चौकटीत पडला होता. एक घर सरकवला आणि क्षेत्र झालं २.४ चौरस किलोमीटर. इतक्या वर्षांनीही ही चूक माझ्याकडून दर चार कामांत एकदा होतेच.

सकाळचा बहुतेक वेळ गेला तो कर्व्ह नंबरवर, म्हणजे पावसातलं किती पाणी न मुरता वाहून जाईल ते ठरवणाऱ्या आकड्यावर. निम्मी शेती, थोडं गवताळ रान, पाणी मुरायला वेळ घेणारी ‘सी’ गटातली माती. शेवटी ७८ धरला. या आकड्यावर मी नेहमी अडून बसते, कारण १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ७८ ला साधारण ४७ मिलिमीटर अपधाव (वाहून जाणारं पाणी) येतो आणि ८५ धरला की तोच ६१ होतो. पाणलोटाच्या टोकापासून मोरीपर्यंत पाणी पोचायला लागणारा वेळ किरपिचच्या सूत्राने ४४ मिनिटं आला. ते सूत्र १९४० सालचं आहे, पण छोट्या पाणलोटाला अजून आम्ही तेच वापरतो.

नकाशात एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. पाणलोटाच्या वरच्या हद्दीपलीकडे, रेल्वेच्या भरावाला लागून, प्रवाहाच्या रेषा कंगव्याने विंचरल्यासारख्या सरळ आणि एकमेकींना समांतर निघाल्या होत्या. ओढे असे वाहत नाहीत. पण ते माझ्या हद्दीबाहेर होतं, आणि हद्दीबाहेरचं कोण बघतो?

दुपारी जागेवर गेलो. सोबतच्या मदतनीसाने पट्टी धरली, मी ओढ्याचा छेद घेत होते. काठावरच्या झुडपात वाळकं गवत अडकलेलं दिसलं, छातीच्या उंचीवर. माझ्या हिशेबाने पाणी तिथवर चढायलाच नको होतं. बाजूच्या शेतातले आजोबा बांधावर येऊन आमची गंमत बघत होते. त्यांना विचारलं, तर म्हणाले, “ताई, त्यातलं निम्मं पाणी रुळापलीकडचं.”

“नाही हो आजोबा, पलीकडचं पाणी तिकडच्या ओढ्याला जातं,” मी अगदी ठामपणे सांगितलं. सकाळीच नकाशा काढला होता ना!

त्यांनी वाद घातला नाही. भरावाच्या पायथ्याला नेऊन काठीने झुडूप बाजूला केलं. आत मोरी होती, आणि तिच्या तोंडाशी नुकताच वाहून आलेला गाळ.

तिथेच खाली बसून लॅपटॉप उघडला. मूळ डीईएम आणि खड्डे भरलेलं डीईएम यांची वजाबाकी केली. भरावामागे सहा मीटर खोलीचा एक मोठा ठिपका उमटला. सॉफ्टवेअरला भरावाखालची मोरी दिसत नाही. त्याच्या लेखी तो भराव म्हणजे धरण. त्यात भरावावर झाडांची रांग, आणि एसआरटीएमचं रडार पुष्कळदा जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांकडचीच उंची मोजतं. त्यामुळे सॉफ्टवेअरने मागचं खोलगट पार काठोकाठ भरून सपाट केलं, आणि पाणी सर्वांत सखल कडेवरून शेजारच्या ओढ्यात सोडून दिलं. त्या सपाटीवर उतारच नसल्याने रेषा विंचरल्यासारख्या निघाल्या. कर्व्ह नंबरच्या एकेका आकड्याशी मी झटत बसले आणि इकडे १.७ चौरस किलोमीटर पाणलोट हिशेबातून गेला होता.

दुरुस्ती मात्र पाच मिनिटांची. भरावाखालच्या मोरीच्या जागी डीईएममध्ये तीन चौकटींची उंची खाली आणली आणि सगळं पुन्हा चालवलं. विंचरलेल्या रेषा नाहीशा झाल्या, त्यांच्या जागी नागमोडी ओढा आला. क्षेत्र ४.१ चौरस किलोमीटर. पाण्याचं आकारमान जवळपास ७० टक्क्यांनी वाढलं. शिखर विसर्ग, म्हणजे एका क्षणी वाहणारं सर्वांत जास्त पाणी, मात्र त्या मानाने कमी, पंचवीसेक टक्क्यांनीच वाढला, कारण वाट लांबली आणि पाणी पोचायचा वेळ ४४ वरून ६१ मिनिटांवर गेला.

संध्याकाळी वरिष्ठांना नवे आकडे दाखवले. मोरी सापडल्याचं मी जरा रंगवूनच सांगितलं. त्यांनी नकाशा बघितला, मान डोलावली आणि एकच विचारलं, “पण त्या मोरीतून एका वेळी पाणी मावतं किती? लहान असेल तर जास्तीचं भरावामागे तुंबून राहील, आणि तुझं शिखर उतरेल.”

मोरीचा गाळ बघितला होता, झुडूप बघितलं होतं, आजोबांची काठीसुद्धा नीट आठवत होती. मोरीचं माप घ्यायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पट्टी घेऊन निघालो.