लॅमिंग्टन रोडला गेमिंग पीसीची खरेदी: नाशिक ते ग्रँट रोड आणि परत

आधीच सांगतो, मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कॉम्प्युटर पार्टच्या बाजारात, ऑनलाइनपेक्षा पाच-दहा हजार स्वस्त मिळेल या आशेवर कोणी नाशिक, सातारा, रत्नागिरीहून गाडीभाडं घालून जाणार असाल तर नका जाऊ. तो जमाना गेला. एमडी कॉम्प्युटर्स, वेदांत, प्राइमएबीजीबी या पार्ट विकणाऱ्यांच्या साइटवर रोजचा भाव दिसतो आणि तोच भाव दुकानदारालाही दिसत असतो, त्यामुळे घासाघीस करून फार तर पाचशे-हजार सुटतात. जायचं ते दुसऱ्या कारणांसाठी. खोका हातात घेऊन बघता येतो, एकाने कॉम्बो गळ्यात मारायला बघितलं तर शेजारच्या गाळ्यात सुटा पार्ट मिळतो, आणि ऑनलाइन आउट ऑफ स्टॉक दाखवणारा मदरबोर्ड एखाद्याच्या माळ्यावर पडलेला असतो. आम्हाला तिसऱ्या कारणासाठी जायचं होतं.

पार्श्वभूमी अशी की भाच्याची बारावी झाली, ताईने शब्द दिला होता, बजेट मॉनिटर धरून ऐंशी हजार आणि त्यावर एक रुपया नाही. आता वर्षभरापूर्वी ऐंशीत सरळ एएम५ चा, म्हणजे एएमडीच्या नव्या सॉकेटचा प्लॅन बसला असता, रायझन ७५००एफ प्रोसेसर, बी६५० बोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ रॅम, निवांत. पण २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास रॅमचे भाव जे सुटले ते थांबायलाच तयार नाहीत. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडेच बनते, आणि एआयच्या डेटा सेंटरवाल्यांना हवी ती मेमरी बनवण्यात जास्त पैसा म्हटल्यावर आपल्या-तुपल्या स्टिक कोण बनवणार. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. साडेचार-पाच हजाराची १६ जीबीची डीडीआर५ स्टिक तिप्पट भावाला विचारायची वेळ आली, एसएसडी पण वर चढल्या.

मग भाचा म्हणाला, "मामा, तो जुना पीसी पडलाय ना, त्यातली रॅम चालेल का?" हा प्रश्न सगळ्यात जास्त पैसे वाचवून गेला. लॉकडाऊनमध्ये ताईने क्लासेससाठी घेतलेला डेस्कटॉप, आय३ १०१०० प्रोसेसरवाला, त्याचा मदरबोर्ड गेलेला म्हणून पोटमाळ्यावर होता. उघडला तर आत ८-८ जीबीच्या रॅमच्या दोन डीडीआर४ स्टिक, ३२०० स्पीडच्या, आणि एक ५०० जीबीची एसएसडी. आय३ तसाच ठेवून नुसता बोर्ड बदलावा असंही वाटलं, पण चार कोर आणि पीसीआयई ३.० वर (ग्राफिक्स कार्ड ज्या खाचेत बसतं तिची जुनी पिढी) नवं कार्ड लावून काय उपयोग, शिवाय त्या सॉकेटचे नवे बोर्ड आता शोधावेच लागतात. म्हणून ठरलं, प्लॅटफॉर्म एएम४, म्हणजे एएमडीचं आधीचं, डीडीआर४ घेणारं सॉकेट, रॅम घरची, आणि वाचलेले सगळे पैसे ग्राफिक्स कार्डात. तुमच्या घरात, मित्राकडे, ऑफिसच्या भंगारात डीडीआर४ ची डेस्कटॉप स्टिक असेल तर आधी तिकडे बघा. फक्त लॅपटॉपची आखूड स्टिक डेस्कटॉपला बसत नाही.

आता प्रवास. सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरली. पासवाल्यांच्या डब्यात चुकूनही चढू नका, तिथले नियम वेगळे आहेत. दादरला उतरून वेस्टर्नची चर्चगेट स्लो घ्यायची, स्लोच, कारण फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही, मुंबई सेंट्रलला उतरून मग उलटं चालत यावं लागतं. ग्रँट रोडला पूर्वेला उतरलात की पाच-सात मिनिटांत रस्ता लागतो. पाट्यांवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा, तोच परत विचारेल "लॅमिंग्टन ना?" दुकानं अकराशिवाय नीट उघडत नाहीत, रविवारी बहुतेक बंद आणि शनिवारी गर्दी एवढी की दुकानदार तुमच्याकडे मान वर करून बघत नाही. मधला वार सगळ्यात चांगला.

रस्त्याला लागलात की "बोलो भाई, क्या चाहिए, लॅपटॉप, सीसीटीव्ही, प्रिंटर" असं सुरू होतं. त्यांच्या मागे जाऊ नका, कागद काढा. कागदावर पार्टचं पूर्ण मॉडेल नाव आणि समोर त्या दिवशीचा ऑनलाइन भाव लिहिलेला हवा. नुसतं "गेमिंग पीसी दाखवा" म्हणालात की तुम्ही नवखे आहात हे ओळखलं जातं आणि मग "आय७, सोला जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स, पच्चीस हजार" असा रंगीबेरंगी दिव्यांचा खोका पुढे येतो. यातला आय७ म्हणजे बऱ्याचदा २६०० किंवा ३७७०, म्हणजे २०११-१२ सालचा, बोर्ड नव्या पॅकिंगमधला एच६१ आणि ग्राफिक्स म्हणजे जीटी ७३०. त्याच्यावर व्हॅलोरंटसारखा हलका गेम पण धड चालायचं नाही, विंडोज ११ तर अधिकृतपणे चालतच नाही. आय७ म्हटल्यावर पहिला प्रश्न, कितवी जनरेशन. ग्राफिक्स चार जीबी म्हटल्यावर पहिला प्रश्न, कुठलं कार्ड. उत्तर गोल-गोल आलं की पुढचा गाळा.

दुसरी गंमत भावाची. पहिल्या गाळ्यात ग्राफिक्स कार्डाचा भाव ऐकून भाचा खूश, ऑनलाइनपेक्षा बराच कमी. बिल मागितल्यावर कळलं की तो बिनबिलाचा आकडा होता. जीएसटी १८ टक्के, म्हणजे चाळीस हजार म्हणाला तर सत्तेचाळीस हजार दोनशे. त्यावर बँकेचं कार्ड स्वाइप केलं तर वर आणखी दोन टक्के. म्हणून भाव विचारतानाच "बिल के साथ, जीएसटी मिला के" असं म्हणायचं, आणि यूपीआयने देणार असाल तर तुमच्या बँकेची रोजची लिमिट घरून बघून निघायचं. बिनबिलाच्या मोहात पडू नका, कारण तीन वर्षांची वॉरंटी तुम्हाला लागणार आहे आणि ती मागताना बिल आणि सीरियल नंबर दोन्ही विचारतात. खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव आणि एमआरपीचा स्टिकर आहे का ते पण बघा. नसेल तर तो बाहेरून आलेला माल, कार्ड अस्सलच असतं बहुधा, पण इथलं सर्व्हिस सेंटर हात लावत नाही. आणि सीरियल नंबर खोक्यावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळवून घ्या, दुकानदार वैतागला तरी.

कार्डावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. एकीकडे आरटीएक्स ५०६०, ८ जीबी, दुसरीकडे आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी, फरक सहा-सात हजारांचा. भाच्याला डीएलएसएसचं, म्हणजे ५०६० मधल्या एआयने फ्रेम वाढवणाऱ्या सोयीचं कौतुक, मला व्हीरॅमचं, म्हणजे कार्डावरच्या मेमरीचं. माझं म्हणणं, नवीन गेम १०८० पीला सुद्धा टेक्श्चर हाय केलं की ८ जीबीच्या पुढे जातात, आणि हा पीसी पोरगा पदवी होईपर्यंत वापरणार, मधे कार्ड बदलायला ताई पैसे देणार नाही. फक्त व्हॅलोरंट, सीएस २ आणि जीटीए ५ खेळायचं असेल तर ८ जीबीचं कार्ड खुशाल घ्या, भरपूर झालं. एक तांत्रिक गोष्ट मात्र लक्षात असू द्या, ५०६० ला पीसीआयईच्या आठच लेन आहेत, ९०६० एक्सटीला सोळा. म्हणजे ए५२० सारख्या पीसीआयई ३.० च्या स्वस्त बोर्डावर ८ जीबीवालं ५०६० लावलं आणि व्हीरॅम भरली की जास्त अडखळतं. शेवटी ९०६० एक्सटी १६ जीबी घेतलं, चाळीस हजारांच्या आसपास पडलं. एका दुकानात "कार्ड अकेला नहीं मिलेगा, साथ में पीएसयू लेना पडेगा" असं ऐकवलं, आणि तो पीएसयू, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, असा की वजनाने दूरदर्शनच्या काळातल्या ट्रान्झिस्टरपेक्षा हलका. तिथून बाहेर पडलो आणि दोन जिने वर चढून एका लहानशा गाळ्यात तेच कार्ड सुटं मिळालं, आणि तिथले काका मराठीत बोलत होते, चहा पण पाजला.

प्रोसेसर रायझन ५ ५६००. दोन हजार वाचतात म्हणून ५५०० घेऊ नका, त्यात कॅशे (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) निम्मी, १६ एमबी विरुद्ध ३२, आणि पीसीआयई पण ३.०. ५६००जी पण नको, तो ग्राफिक्स कार्ड न घेणाऱ्यांसाठी. ५६०० च्या खोक्यात कूलर येतो, तो पुरतो, त्या रंगीत दिव्यांच्या आरजीबी कूलरचे तीन हजार वाचवा. बोर्ड बी५५०, ज्याच्या शोधात एवढ्या लांब आलो होतो, तो अर्ध्या रस्त्यात "खतम, खतम" ऐकत फिरल्यावर मिळाला. बोर्डाच्या खोक्यावर रायझन ५००० रेडी लिहिलंय का बघा, कारण बी५५० आला जून २०२० ला आणि ५००० सिरीज त्यानंतर नोव्हेंबरमध्ये, सुरुवातीच्या लॉटला बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागतं. दुकानदाराकडून तिथेच करून घ्या. पीएसयू ६५० वॉट, ८० प्लस ब्राँझ. ब्राँझ-गोल्ड म्हणजे वीज किती वाया जाते याचं मोजमाप, टिकाऊपणाचं नाही, त्यामुळे त्या बिल्ल्यासोबत वॉरंटी किती वर्षांची ते बघा, पाच वर्षं देणारा घ्या.

वापरलेलं कार्ड घ्यायचं असेल तर रस्त्यावर भरपूर आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं तेव्हा पोत्याने कार्डं बाजारात आली, अजून फिरतायत. मायनिंगचं म्हणजे खराबच असं नाही, पण पंखे आणि थर्मल पेस्ट बदलावी लागेल असं धरून चाला. दुकानात पीसीला लावून जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडायला सांगा, बनावट बायोसवाल्या कार्डावर ते बऱ्याचदा फेक असं स्वच्छ लिहून दाखवतं. आरएक्स ५८० तर जास्त जपून, त्यात २०४८ एसपी नावाचा कमी ताकदीचा चायनावाला प्रकार असतो आणि खोक्यावर नुसतं ५८० लिहिलेलं असतं, खऱ्यात २३०४ शेडर (चित्र काढणारे छोटे कोर) असतात, यात २०४८. "टेस्टिंग वॉरंटी" म्हणजे आठ-पंधरा दिवसांची तोंडी हमी, ती बिलावर लिहून घ्या.

कॅबिनेट आणि मॉनिटर मुंबईत घेतलेच नाहीत. संध्याकाळच्या वेळी काचेचं दार असलेलं कॅबिनेट घेऊन ग्रँट रोडहून निघून दाखवा मला. ते नाशकातच घेतलं, दोन-तीनशे जास्त गेले असतील. २४ इंची १८० हर्ट्झ मॉनिटर दुकानातच चालू करून डेड पिक्सेल बघून घेतला. तिथला सेल्समन सांगत होता जीएसटी कमी झाला म्हणून स्वस्त, पण सप्टेंबर २०२५ ची ती कपात ३२ इंचांपेक्षा मोठ्यांची, २८ टक्क्यांवरून १८. लहानांना आधीपासून १८ च होता. तर मुंबईहून आणायचं ते फक्त कार्ड, प्रोसेसर, बोर्ड, पीएसयू, एका सॅकमध्ये आणि एका पिशवीत बसतं. परतीला टॅक्सी करून थेट सीएसएमटी गाठा, पंचवटी तिथूनच सुटते, दादरला चढून जागा आणि सामान दोन्ही सांभाळणं अवघड.

जोडणी घरी केली, दुकानवाले हजारभर मागत होते. खोके उघडताना पहिल्यापासून व्हिडिओ काढा, पार्ट मेलेला निघाला तर तोच कामाला येतो, आणि खोके फेकू नका. रॅम प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मॉनिटरची केबल कार्डाला, बोर्डाला नाही, ५६०० ला आतलं ग्राफिक्स नाहीच त्यामुळे बोर्डाला लावली तर अंधारच दिसेल. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी स्पीडवर चालत बसते, आणि विंडोजमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने १८० करा, तो बऱ्याचदा ६० वर असतो आणि लोक वर्षभर तसेच खेळतात. व्हॅलोरंटसाठी विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन गोष्टी बायोसमध्ये चालू लागतात. जुनी एसएसडी एमबीआर या विभागणीच्या जुन्या पद्धतीची असेल तर सिक्युअर बूट जमत नाही, ती जीपीटी या नव्या पद्धतीची करून नवीन विंडोज टाका, आम्ही तेच केलं.

आमच्याकडे अर्थिंग यथातथाच, म्हणून वायरमनला बोलावून सॉकेट तपासून घेतला, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तुम्ही पण बोलवा. यूपीएस राहिलाय. नेहमीच्या ६०० व्हीएच्या यूपीएसची ताकद ३६० वॉटच्या आसपास असते, गेम चालू असताना मॉनिटर धरून हा पीसी त्याच्या बराच जवळ जाईल, त्यामुळे १ केव्हीए बघतोय, तोही शक्यतो प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा. तो ऐंशीत बसत नाही हे ताईला अजून सांगायचंय.