चालतीस की तू

शुक्रवार, रात्री

बुधवारी संध्याकाळी काकूंनी फाटकातूनच विचारलं. पाऊस होता, आत आल्या नाहीत. "शुक्रवारी सवाष्ण म्हणून ये गं जेवायला. शाहूपुरीची यायची होती, तिला अडचण आली." मी गप्प राहिले तेव्हा त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चालतीस की तू. चालतीस."

एकदाच म्हणाल्या असत्या तर मी विसरले असते. दुसरं 'चालतीस' त्यांनी स्वतःला सांगितलं.

उपासाला भेंडी चालते का, असं आपण विचारतो. फाटलेली नोट चालेल का, असं दुकानदाराला विचारतो. दोन दिवस मी पोळ्या लाटताना, पोवई नाक्यावर बसची वाट बघताना, सारखी त्याच शब्दाशी येऊन थांबतेय. पुण्यात एक माणूस श्वास घेतोय. नऊ वर्षांत त्यानं माझा ताप विचारला नाही, पण तो श्वास घेतोय म्हणून मी पाटावर बसायला चालते. उद्या त्याला काही झालं तर मला तिसऱ्याच कुणाकडून कळेल, आणि त्या दिवसापासून मी चालणार नाही. माझ्यात काय बदललेलं असेल?

काल आईला हे म्हणाले. ती भाजी निवडत होती. "जा की," म्हणाली. एवढंच.

आजी 'सवाष्ण' क्वचितच म्हणायची, 'अहेव' म्हणायची. अविधवा हा शब्द झिजत झिजत अहेव झाला. जी विधवा नाही ती. म्हणजे चांगल्या नशिबाचं नावसुद्धा त्या दुसऱ्या शब्दावरूनच पाडलेलं. पितृपक्षात अविधवा नवमी येते, ती नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची. गेल्यावरही तीच मोजणी. पत्रिकेत चि. सौ. कां., मग जन्मभर सौ., मग कुणी श्रीमती लिहितं, कुणी गं. भा., म्हणजे गंगाभागीरथी. आईच्या नावाची पाकिटं मी लहानपणापासून बघतेय. 2023 साली मंत्र्यांनी विधवांना गं. भा. म्हणावं असा प्रस्ताव मांडला आणि केवढा वाद झाला, तेव्हा आईनं टीव्हीचा आवाज कमी केला होता. त्याच्या आदल्या वर्षी शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, कुणाचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. ती बातमी मात्र तिनं दोनदा वाचली. मग पेपर घडी करून रद्दीत ठेवला. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

रात्री झोप येईना म्हणून आजोबांचं कपाट उघडलं. आपट्यांचा संस्कृत कोश, मूळ 1890 चा, आमच्याकडची प्रत नंतरची आणि वाळवी लागलेली. सुवासिनी काढलं, कारण सवाष्ण तिथूनच आली. नवरा जिवंत असलेली बाई, हा अर्थ आहेच, पण तो दुसरा. पहिला अर्थ: वडिलांच्या घरी राहणारी स्त्री, लग्न झालेली किंवा न झालेली.

मी तो परत परत वाचला. त्यात नवरा नाहीच. घर आहे.

समासात आजोबांच्या पेन्सिलीनं मनुस्मृतीतला एक श्लोक लिहिलाय. त्या ग्रंथाशी त्यांचं कधी पटलं नाही, तरी हा टिपून ठेवलेला. सुवासिनी, कुमारिका, आजारी माणसं, गर्भारशी, यांना पाहुण्यांच्याही आधी जेवू घालावं. आणि शेवटचा शब्द 'अविचारयन्'. विचार न करता. काकूंनी फाटकात क्षणभर विचार केला होता, तो क्षण मला एवढा का लागला ते तेव्हा कळलं. आधी वाटलं, बरं झालं, त्याच्या श्वासाशिवायही मी सवाष्ण ठरते. झोप लागली.

आज गेले. काकूंनी कोमट पाण्यानं पाय धुतले. त्यांच्या गुडघ्यांना वाकणं जड जात होतं आणि तरी त्यांनी बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसल्या. नऊ वर्षांत माझ्या पायांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. त्यांच्यावरचा राग तिथंच ओसरला. पुरणपोळी, कटाची आमटी, साखर घातलेलं दूध. मग त्यांनी शुक्रवारची कहाणी वाचली. भावानं सहस्रभोजन घातलं, गरीब बहिणीला बोलावलं नाही, ती पोरांना घेऊन आपणहून पंगतीत बसली तर हाताला धरून उठवलं. इतकी वर्षं ऐकतेय, आज पहिल्यांदा लक्षात आलं की ती सवाष्ण होती. नवरा होता तिला. तरी ती चालली नाही.

निघताना काकूंनी फुटाण्यांच्या दोन पुड्या दिल्या. "एक ताईंना," म्हणाल्या.

ताई. अख्खी गल्ली आईला ताईच म्हणते, वहिनी कुणीच नाही, कारण ती या गल्लीची लेक आहे. मला चार वर्षांची घेऊन ती इथं परत आली ते तिच्या वडिलांच्या घरी. हे घर माझ्या वडिलांचं नाही, तिच्या वडिलांचं आहे. कोशातला पहिला अर्थ धरला तर या घरातली सुवासिनी आई आहे. मी नव्हेच.

घरी आले तर ती जागीच होती. काय काय केलं होतं, पुरण मऊ होतं का, सगळं विचारलं. मग पुडी सोडली, एकेक फुटाणा चोळून सालं फुंकली, आणि अर्धे माझ्या हातावर ठेवले.

श्रावणाचे अजून दोन शुक्रवार आहेत. काकूंना सकाळी फाटकातच गाठायचं. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.