उसाच्या जिवाणूला कशाभिका किती?

कशाभिका म्हणजे जिवाणूंचे पोहण्याचे शेपटीसारखे धागे (फ्लॅजेला). त्यांची मांडणी म्हटली की प्रॅक्टिकलच्या वहीत ठरलेले कप्पे येतात. कॉलऱ्याच्या विब्रिओला टोकाला एकच, ती मोनोट्रायकस. हेलिकोबॅक्टरला एका टोकाला झुबका, स्पिरिलमला दोन्ही टोकांना, ई. कोलायला अंगभर. क्लेबसिएलाला मुळीच नाही. पाठांतराला ठीक आहे.

पण निपाणी-चिकोडी पट्ट्यात उसाच्या बेण्याला जिवाणू खत म्हणून लावतात तो ॲझोस्पिरिलम घ्या. पातळ माध्यमात वाढवला तर टोकाला एक जाड कशाभिका. तिच्यावर तो पोहतो. तोच घट्ट अगारवर (जेलीसारख्या माध्यमावर) 30 अंशाला वाढवला की बाजूंनी बारीक कशाभिकाही फुटतात, त्या ओल्या पृष्ठभागावर पसरायच्या कामी येतात. म्हणून माध्यम न लिहिता नुसतं 'मोनोट्रायकस' लिहिलेलं उत्तर मला अर्धवटच वाटतं.

बघायचं असेल तर उसाची बारीक मुळं धुऊन अर्ध्या सेंटीमीटरचे तुकडे करा आणि नायट्रोजनविरहित मॅलेट माध्यमात टाका. अगार 0.2 टक्क्यांच्या आसपासच हवा, म्हणजे माध्यम अर्धवट पातळ राहतं. थंडीत बेळगावात खोलीचं तापमान पुरत नाही, इन्क्युबेटर लावाच. दोन-तीन दिवसांत पृष्ठभागाच्या जरा खाली पांढरी साय धरते. अगदी वर ऑक्सिजन जास्त, तळाला कमी. जिवाणू पोहत जाऊन सोयीची पातळी गाठतात. मॅलेट संपत जातं तसा माध्यमातल्या ब्रोमोथायमॉल ब्लू या दर्शकाचा हिरवा रंग निळा होतो. सायीतला थेंब हँगिंग ड्रॉपमध्ये (खळग्याच्या स्लाइडवर उलटा लटकवून), सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश कमी करणारा डायफ्रॅम आवळून, थेंबाच्या कडेवर फोकस करून पाहा. जागच्या जागी थरथर म्हणजे ब्राउनियन हालचाल, ती मोजू नका. एकमेकांना ओलांडून, गिरकी घेत जाणारे खरे.

कशाभिका रंगवताना मात्र बहुतेक स्लाइड वाया जातात. कशाभिका जेमतेम 20 नॅनोमीटर जाड, प्रकाशाच्या साध्या सूक्ष्मदर्शकाची झेप सुमारे 200 नॅनोमीटरपर्यंतच. म्हणून टॅनिक ॲसिडच्या मॉर्डंटने (रंग धरून ठेवणाऱ्या लेपाने) आधी जाड कराव्या लागतात. कल्चर ताजं हवं. लूपने (तारेच्या कडीने) घासायचं नाही, व्हॉर्टेक्सवर जोरात घुसळणं तर नाहीच. फिकट गढूळ थेंब तिरप्या स्लाइडवर आपोआप ओघळू द्या, हवेत वाळवा, ज्योतीवर धरू नका. स्लाइडला तेलकटपणा असेल तर थेंब ओघळतच नाही, गोळा होऊन बसतो. रंग ओतून टाकू नका. स्लाइड आडवी ठेवून पाण्याने रंगाची वरची साय तरंगवून काढा, नाहीतर ती खाली बसून सगळा पट्टा गढूळ करते. पेशी टकल्या आणि शेजारी सुटे नागमोडी धागे दिसले, तर रंग बरोबर आहे, हात जड पडल्याने कशाभिका तुटल्यात.