पटावरचे दाणे

बुद्धिबळाच्या पटाची ती गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत गेलं की राजाची कोठारं रिकामी. एकूण दाणे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. २०१६ साली ‘नो मॅन्स स्काय’ हा गेम आला तेव्हा त्यातल्या ग्रहांचा सांगितला गेलेला आकडा याहून बरोब्बर एकने जास्त होता. हा योगायोग नव्हे. ६४ बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक मावणाऱ्या ६४ जागांत, शून्यापासून मोजत गेलं तर तेवढेच आकडे मावतात, आणि इथे दर आकड्यामागे एक ग्रह. हे ग्रह डिस्कवर कुठे साठवलेले नसतात. आकडा सूत्रात टाकला की ग्रह जागच्या जागी उगवतो. या आकड्याला ‘सीड’ म्हणतात. शब्द चपखल आहे, फक्त हे बी भलतंच आज्ञाधारक: कितीदाही पेरा, झाड फांदीन् फांदी तेच.

पण कोठार भरलं म्हणून पंगत उठत नाही. अशी सूत्रातून उगवणारी जगं अभ्यासणाऱ्या केट कॉम्प्टन यांनी हे ओटमीलच्या उदाहरणाने सांगितलं आहे. दहा हजार वाट्या भरा. कुठल्याही दोन वाट्यांत दाणे सारखे पडलेले नसतील, गणिताच्या हिशेबाने प्रत्येक वाटी एकमेव. खाणाऱ्याला मात्र सगळीकडे लापशीच दिसते.

लापशी का होते, ते डोंगर बनवायच्या कृतीत कळतं. संगणकावरच्या चित्रांसाठी केन पर्लिन यांनी १९८३च्या सुमाराला काढलेला ‘नॉइज’, म्हणजे सलग चढउतार देणारं यादृच्छिक सूत्र, हा त्यातला मुख्य जिन्नस. एक लांब, संथ लाट घ्यायची. तिच्यावर दुप्पट दाट आणि निम्म्या उंचीची दुसरी, मग त्याच्या निम्मी तिसरी, असे पाच-सहा थर. पहिल्या थरातून डोंगर येतात, शेवटच्यातून दगडधोंडे. उंचीला दर थराला ०.५ऐवजी ०.७ने गुणलं तर जमीन करवतीसारखी होते, ०.३ने गुणलं तर इस्त्री केल्यासारखी. पाहायला सुंदर. पण पाच मैल चाला नाहीतर पाचशे, जमिनीचा स्वभाव तोच, कारण सूत्र सगळीकडे तेच.

त्यात नदी तर येतच नाही. नॉइजची गंमतच ही की कुठल्याही बिंदूची उंची शेजाऱ्याला न विचारता काढता येते. म्हणून तर जग अनंत करता येतं. नदीला मात्र वरचं अख्खं पाणलोट क्षेत्र ठाऊक असावं लागतं. त्यासाठी पूर्ण नकाशा आधी मेमरीत घ्या, त्यावर पाऊस पाडा, माती वाहून न्या. ते करायचं तर अनंतावर पाणी सोडावं लागतं. माझ्या मते मर्यादेची खरी जागा ही: वेगळेपण फुकट मिळतं, नातं महाग पडतं. कुलूप इथे आणि किल्ली तिथे, एवढ्या साध्या नात्यालाही हेच लागू.

हे नातं कसं बांधावं याचा सगळ्यात नेटका नमुना डेरेक यू यांच्या ‘स्पेलंकी’ या गुहांच्या गेममध्ये आहे. चार गुणिले चार खोल्यांची लेव्हल. वरच्या ओळीत सुरुवातीची खोली ठरवायची, मग १ ते ५मधला आकडा काढायचा: १-२ आला तर डावीकडे, ३-४ आला तर उजवीकडे, ५ आला तर खाली. कडेला धडकलात तरी खालीच. तळाच्या ओळीत पुन्हा खाली जायची पाळी आली की तिथे दार. म्हणजे वाट आधी, भिंती मागाहून. प्रत्येक खोली हाताने काढलेल्या साच्यांतून उचललेली, १० गुणिले ८ चौकटींची. साच्यातल्या काही चौकटींपुरताच फासा टाकायचा. उलट, आधी भिंती रचून मागाहून वाट शोधणारे पुष्कळ. त्यांना दर नकाशा तपासून नापास झाला की फेकावा लागतो, आणि अटी फार कडक असल्या की संगणक फेकतच बसतो. अशा वेळी शंभर प्रयत्नांची मर्यादा घालून हाताशी एक तयार नकाशा ठेवावा. त्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक खोडी. सगळ्या गोष्टींसाठी एकाच यादृच्छिक आकड्यांच्या रांगेतून आकडे उचलले, तर पुढच्या अपडेटात एक फुलपाखरू वाढवलं तरी त्यामागची अख्खी रांग सरकते आणि त्याच सीडमधली डोंगररांग जागा बदलते. झाडं, प्राणी, जमीन यांच्या रांगा पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्यात.

१९८४च्या ‘एलिट’ या अंतराळातल्या गेममध्ये डेव्हिड ब्रॅबेन आणि इयन बेल यांचा बेत २ च्या ४८व्या घाताइतक्या, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी आकाशगंगांचा होता. एवढा आकडा दाखवला तर सूत्राचं बिंग फुटेल म्हणून प्रकाशकांनी तो आठवर आणला. दर आकाशगंगेत २५६ ग्रह, एकूण २,०४८. मग कोणत्या आठ ठेवायच्या ते पाहत असताना एकीत ‘आर्स’ नावाचा ग्रह निघाला. इंग्रजीत हे बुडाचं असभ्य नाव. सूत्रातून निघालेलं एकच नाव खोडायची सोय नव्हती, म्हणून ती अख्खी आकाशगंगाच टाकून दिली.